उभ्याने कागद, बसून ऐकीव

काकांच्या मागे तासभर बाग हिंडून आलेल्या माणसाला बागेबद्दल आधी होती त्यापेक्षा कमी माहिती उरायची. हे मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं, तर त्यांना एवढा आनंद झाला की त्या दिवशी चहा त्यांनी पाजला. एरवी चहाच्या टपरीपाशी त्यांच्या बुटाची नाडी हमखास सुटायची.

बाग म्हणजे आमची नदीकाठची जुनी बाग. पुण्यात अशा जुन्या बागा मोजून तीन-चार, तेव्हा नाव सांगत बसत नाही. ज्याला ओळखायची तो ओळखेल, ज्याला नाही ओळखता येणार त्याचं काही अडणार नाही. दर रविवारी सकाळी सात वाजता दगडी फाटकापासून ते लोकांना बाग दाखवायला निघत. फुकट. आणि सात म्हणजे सात. सात वाजून चार मिनिटांनी धापा टाकत आलेल्याला ते म्हणत, "गाडी गेली. पुढची पुढच्या रविवारी." एक गृहस्थ हडपसरहून दोन बस बदलून आले होते, त्यांनाही हेच ऐकवलं. ते गृहस्थ तणतणत परत गेले आणि पुढच्या रविवारी पावणेसातला फाटकाशी हजर. आपलं गाव आहेच असं.

सगळे त्यांना काका म्हणत. सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. अंगाने काडी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात मोजायची टेप, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत झेरॉक्स कागदांची फुगलेली फाइल. मी तेव्हा कोथरूडच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. आमची पहिली गाठ पडली तीच भांडणाने. सातवीचा वर्ग घेऊन मी बागेतल्या जुन्या विहिरीपाशी उभी होते आणि मुलांना सांगत होते, की या विहिरीतून थेट शनिवारवाड्यापर्यंत भुयार जातं. मागून आवाज आला, "बाई, आपण पाहिलंत?"

"काय?"

"भुयार."

"मी कशाला बघेन? सगळेच सांगतात."

"पुण्यातल्या प्रत्येक विहिरीतून शनिवारवाड्याला भुयार जातं," ते मुलांकडे वळून म्हणाले, "एवढी भुयारं असती तर मेट्रो कधीच धावायला लागली असती."

सातवीची पोरं, त्यांना काय, आयतंच मिळालं. वर्गासमोर माझा असा पचका आजवर कोणी केला नव्हता. पुढच्या रविवारी मी त्यांना जाब विचारायला म्हणून गेले आणि नऊ वर्षं जात राहिले.

त्यांचा एकच नियम होता. उभं असताना ते फक्त ज्याला कागद आहे तेच बोलत. बाकीचं सगळं ऐकीव, आणि ऐकीव गोष्ट बसूनच सांगायची. त्यामुळे बागेची सैर ही चालत-उभ्याने होई आणि अगदी कोरडीठाक होई. फाटकापाशी ते म्हणत, "खांब दोन. सिंह एक. दुसरा होता का? दुसऱ्या खांबावर खाच आहे. खाच म्हणजे सिंह नव्हे. पुढे चला." सावलीच्या घड्याळापाशी म्हणत, "घड्याळ आधी बसवलं, झाड नंतर लावलं. दोन्हीला कागद आहे. ज्याने झाड लावलं त्याने घड्याळाकडे पाहिलेलं दिसत नाही. त्याचं नाव ठाऊक नाही." त्या पर्जन्यवृक्षाखाली घड्याळाला गेली कित्येक वर्षं ऊन म्हणून ठाऊक नव्हतं. गोरखचिंचेच्या बुंध्याला ते वर्षातून एकदा टेप लावत आणि आकडा वहीत उतरवत. कोणी म्हणालं की हे झाड पाचशे वर्षांचं आहे, तर विचारत, "जन्मदाखला?" कॉलेजातली एक मुलगी एकदा कंटाळून म्हणाली, "काका, एकदम ड्राय आहे हो तुमचा वॉक." काका म्हणाले, "पावसाळ्यात या."

पण सैर संपून विहिरीजवळच्या दगडी बाकावर बसले की हाच माणूस बदलायचा. मग मेमसाहेबाचं भूत यायचं, हरवलेल्या सिंहाला रात्रीत उचलून नेणारे पैलवान यायचे, आणि हो, ते भुयारसुद्धा यायचं, अगदी मशालींसकट. असं रंगून सांगायचे की मी इतकी वर्षं शिकवते, मला हेवा वाटायचा. मात्र गोष्टीच्या मध्येच कोणी वडीलधारं आलं आणि काका उठून उभे राहिले, की गोष्ट तिथल्या तिथे थांबे. एकदा मेमसाहेबाचं भूत विहिरीच्या काठापर्यंत आलं होतं, तेवढ्यात त्यांचे कचेरीतले जुने साहेब आले. काका उठले. नमस्कार झाले, गुडघ्यांची चौकशी झाली, मुलं अमेरिकेत कशी आहेत ते झालं. साहेब गेले, काका बसले, आणि भूत पुढे निघालं. आम्ही पाच-सहा जण तोवर जीव मुठीत धरून बसलो होतो.

आता बॅण्डस्टँडबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी. बागेच्या मध्यावर दगडी चौथरा, त्यावर आठ लोखंडी खांब आणि वर पत्र्याचं टोकदार छप्पर. एवढंच. काका तिथे थांबत आणि म्हणत, "शनिवारी संध्याकाळी इथे पलटणीचा बँड वाजे, साहेबलोकांसाठी. कागद आहे. कुंपणाच्या आत कोणी यायचं नाही त्याची नियमावली होती. कागद आहे. कुंपणाबाहेर उभं राहून कोण ऐकत होतं, त्याला कागद नाही. पुढे चला." हे कुंपणाबाहेरचं वाक्य ते जरा भरभर बोलत. नऊ वर्षांत मला त्याचं काही वाटलं नाही, हे आता कबूल करायला हवं.

एका सोमवारी बॅण्डस्टँडच्या खांबाला नोटीस चिकटवलेली दिसली. चौथरा पाडून तिथे खाण्यापिण्याचे गाळे आणि सेल्फी पॉइंट होणार होता. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी एकच गिल्ला केला. मी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या, आणि चौघेजण महापालिकेतल्या संबंधित साहेबांना जाऊन भेटलो. साहेब तरुण होते, आणि आश्चर्य म्हणजे भले होते. म्हणाले, "मॅडम, मलाही ते पाडावंसं वाटत नाही. पण नुसतं जुनं आहे एवढ्यावर भागत नाही. तिथे काही ऐतिहासिक घडलं असेल तर मी ते वारशाच्या यादीत घालायला सांगतो. पंधरा दिवसांनी समिती पाहणीला येईल. तेव्हा कोणीतरी जाणकाराने सांगायला हवं. काही घडलंय का तिथे?"

जाणकार एकच होता.

त्या पंधरा दिवसांत बॅण्डस्टँडवर इतक्या थोर माणसांची भाषणं झाली की विचारू नका. ज्याने त्याने आपापल्या आवडीचा पुढारी आणून तिथे उभा केला. लाफ्टर क्लबाच्या अध्यक्षांनी तर एकाच संध्याकाळी दोन पुढाऱ्यांना बोलवलं, जे हयातीत एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सगळे काकांना येऊन सांगत, तुम्ही फक्त मान डोलवा. काका विचारत, "कागद?" मंडळी चिडून जात. मीही चिडले. म्हटलं, "काका, एकदा खोटं बोललात तर आभाळ कोसळणार आहे का? चौथरा वाचेल. नाही बोललात तर पुढच्या वर्षी तिथे मंचुरियन मिळेल."

ते चालत बाकापाशी आले आणि बसले.

"बाई, माझी आई या बागेत बिगारी होती," ते म्हणाले. "फाटकामागे मजुरांच्या खोल्या होत्या, तिथे मी लहानाचा मोठा झालो."

नऊ वर्षं मी या माणसाच्या मागे त्याच फाटकातून आत जात होते. मी म्हटलं, "आणि हे आज सांगताय?"

"कागद नव्हता. मी दप्तरात जाऊन जुने हजेरीपट काढले. त्यात माळ्यांची नावं आहेत. बिगाऱ्यांपुढे नुसतं 'बायका चार' असं लिहिलंय. त्या चारातली एक आई असणार. पण ते मी आपलं म्हणायचं."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, आईच्याच शब्दांत, आणि त्या शब्दांत शिरल्यावर त्यांचा आवाजही बदलला. "लई मोठ्या बाई व्हत्या. चौथऱ्यावर हुभ्या राहिल्या. साहेबाचं राज हाय, कुनी धरंल, कशाची भीती न्हाई. बायका जमल्या व्हत्या. बोलल्या, आन् खाली उतरून मला म्हनल्या, पानी दे गं. मी म्हनलं, माझ्या हातचं? तर म्हनल्या, मग कुनाच्या?"

काका थांबले. "त्या काळात आमच्या हातचं पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. इतिहासाच्या बाई आहात."

"त्या बाई कोण होत्या?"

"आईला नाव ठाऊक नव्हतं. मोठ्या बाई, एवढंच. येईल त्याला ती ही गोष्ट सांगायची. मी नोकरीला लागलो आणि एकदा आमचे साहेब घरी चहाला आले. त्यांच्यापुढे आईने सुरुवात केली. मला लाज वाटली. मी म्हटलं, आई, याला पुरावा काय? तिने पदर सावरला आणि कप उचलून आत नेले. नंतर माझ्यासमोर तिने ती गोष्ट कधी काढली नाही."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला बॅण्डस्टँड वाचल्याचा आनंद झाला. मी लगेच म्हटलं, "हेच सांगा समितीला."

"ही बसून सांगायची गोष्ट आहे," ते म्हणाले आणि नाडी बांधायला वाकले.

समिती आली. साहेब, दोन तज्ज्ञ, एक वही घेतलेला कारकून आणि आमची तीस-चाळीस जणांची गर्दी. तज्ज्ञांनी खांबांवर टिचक्या मारल्या. एक म्हणाले, असे बॅण्डस्टँड हिंदुस्थानात पुष्कळ आहेत. साहेबांनी काकांकडे पाहिलं आणि आशेने विचारलं, "काका, आपण इतकी वर्षं अभ्यास करताय. इथे काही विशेष घडल्याचं आपल्याला माहीत आहे का?"

काका उभे होते. कोणीतरी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. लाफ्टर क्लबाचे अध्यक्ष मागून मान डोलवून त्यांना धीर देत होते. तज्ज्ञांपैकी एकाने घड्याळ पाहिलं, साहेबांनी कारकुनाला वही मिटायची खूण केली. तेव्हा काका वाकले, चौथऱ्याच्या पायरीवर हात टेकला आणि हळूहळू खाली बसले.

"इथे बायकांची सभा झाली होती," ते म्हणाले, "माझ्या आईने ऐकली. बोलणाऱ्या बाई तिच्या हातचं पाणी प्याल्या."

कारकून लिहीत होता. साहेबांचा चेहरा उजळला. आमच्यातल्या चार-पाच जुन्या माणसांना बसण्याचा अर्थ कळला, आणि आम्ही चार-पाच जण एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. समितीला वाटलं, काकांचं वय झालंय, पाय दुखत असतील.

परत जाताना ते मला म्हणाले, "मी नियम मोडला नाही."

"नाही मोडलात," मी म्हटलं, "पण त्यांना नियम माहीत नव्हता."

"तुम्हाला माहीत होता. तुम्ही का नाही सांगितलंत?"

चौथरा वाचायला हवा होता आणि तो वाचत होता, एवढंच मला दिसत होतं.

बॅण्डस्टँड वाचला. छपराला हिरवा रंग लागला, खांब घासून पुसून झाले, आणि समोर ग्रॅनाइटचा फलक बसला. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, की या वास्तूत स्वातंत्र्यलढ्यातील थोर महिला नेत्यांची विराट सभा झाली. पाण्याचा उल्लेख नव्हता. आईचा तर नव्हताच.

त्यानंतरचे दोन रविवार काकांनी लोकांना दुसऱ्या वाटेने नेलं. तिसऱ्या रविवारी एक उत्साही बाई सरळ फलकापाशी जाऊन मोठ्याने वाचू लागल्या. काका म्हणाले, "याला कागद नाही." बाई म्हणाल्या, "अहो, पण चक्क दगडात कोरलंय की." दुसऱ्या दिवशी काकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, की फलकावरील मजकुराचा आधार काय, ते कळवावे. महिन्याभराने शिक्क्याचा लिफाफा आला. तो त्यांनी बाकावर बसून माझ्या हातात दिला. सदर माहिती ज्येष्ठ अभ्यासकांनी प्रत्यक्ष स्थळपाहणीत समितीस पुरवली असून ती अधिकृत मानण्यात आली आहे, असं लिहून पुढे काकांचं नाव होतं.

मला हसू आलं. इतकं की आवरेना. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि आवरलं.

"बाई, हा कागद आहे," ते म्हणाले. "सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. आणखी पन्नास वर्षांनी माझ्यासारखा कोणी दप्तरात जाईल, त्याला हा मिळेल, आणि तो लोकांना उभ्याने सांगेल."

"मग काय झालं? आईची गोष्टच आहे ना ती?"

"विराट कुठे होती ती? चार बायका होत्या की चारशे, मला ठाऊक नाही. कारकुनाने विराट घातलं. मग मी आजवर फाइलीतले जे जे कागद नाचवले, ते कोणी लिहिले असतील? तेव्हाही कोणीतरी असाच पायरीवर बसून सांगितलं असेल आणि कोणी कारकुनाने विराट घातलं असेल." त्यांनी लिफाफा घडी करून फाइलीत घातला. "त्या परक्या लोकांवर मी विश्वास ठेवला. आईला पुरावा मागितला."

मी त्यांची समजूत घालायला गेले आणि काहीतरी बावळटासारखं बोलले, त्या काळी आईलाही तुमचा अभिमान वाटला असेल वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. एरवी ऐकून घेतलं नसतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. फाटक झालं, घड्याळ झालं, गोरखचिंच झाली. बॅण्डस्टँडपाशी आल्यावर ते थांबले. बसायला पायरी होती, बसले नाहीत. सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "फलकावर लिहिलंय ते मी सांगितलेलं आहे, आणि अर्धवट आहे. पूर्ण असं आहे. माझी आई भागूबाई या बागेत पाणी घालायचं काम करत होती. तिने मला सांगितलं, की या चौथऱ्यावर एक बाई बोलल्या आणि मग आईच्या हातचं पाणी प्याल्या. त्यांचं नाव आईला ठाऊक नव्हतं. आईचं नाव भागूबाई." नाव दोनदा घेतलं. ऐकीव हा शब्द त्यांनी वापरला नाही. मला फार बरं वाटलं. वाटलं, चला, सुटला बिचारा माणूस.

लोक फलकाचे फोटो काढायला लागले. बागेत झाडलोट करणारी एक बाई, अंगावर कंत्राटदाराचं नारिंगी जाकीट, खराट्याच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत उभी होती. तिने विचारलं, "मग त्या बाई बोलल्या काय?"

"अं?"

"चौथऱ्यावर हुभ्या ऱ्हाऊन. येवढ्या बायका जमवल्या, तर बोलल्या काय?"

ठाऊक नाही, हे दोन शब्द काकांच्या जिभेवर कायम तयार असत. नऊ वर्षांत मी ते हजारदा ऐकले असतील, आणि दर वेळी ते ताठ मानेने म्हणत. आता त्यांचा हात पिशवीतल्या फाइलीकडे गेला आणि तसाच परत आला. मीही मनात शोधलं. बाकावर बसून मी बाईंचं नाव विचारलं होतं, हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

"मी विचारलं नाही," ते त्या बाईला म्हणाले. "आई सांगायला बसली होती. मी तिच्याकडे कागद मागत होतो."